जुन्या झेनचे पुढचे ब्रेक आपोआप धरतायत, चाकातून धूर येतोय – कॅलिपर बदलू का?

म्हापसा_झेन

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. गाडी २००१ ची मारुती झेन, पेट्रोल, वडिलांनी नवीन घेतलेली. आता ते चालवत नाहीत पण रोज सकाळी पोर्चमध्ये जाऊन फडकं मारतात, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही आणि मलाही विकायची नाहीये.

तर झालंय असं की जूनपासून पावसात गाडी जवळजवळ उभीच होती, बाजार ते घर एवढंच फिरली. गेल्या रविवारी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मूळ घर झाडून काढायला वाळपईला निघालो. म्हापशाहून अस्नोड्यापर्यंत काहीच नाही. डिचोली यायच्या आत गाडी ओढ घेईना, चौथ्या गिअरला मरायला लागली, मला वाटलं क्लच गेला. साखळीच्या बाजारात ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगडासारखं कडक आणि नेहमीपेक्षा वर आलेलं. होंडा गाव यायच्या आधी जळका वास, थांबून बघतो तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर, रिमच्या जवळ हात नेववत नव्हता. मागची चाकं मात्र नुसती कोमट. पाऊण तास झाडाखाली थांबलो तर गाडी परत एकदम हलकी, न्यूट्रलला टाकून एका हाताने ढकलली तरी पुढे जाते. परत दहा-बारा किलोमीटर गेलो की तेच.

गॅरेजला नेली. सकाळी नेली म्हणजे थंड होती, त्यांनी जॅकवर घेऊन चाकं फिरवली, फ्री. म्हणाले पॅड बदला. बदलले, तेच. मग डाव्या कॅलिपरचं (चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणारा भाग) रबर किट टाकलं, तेच. आता म्हणतात दोन्ही कॅलिपर नवीन, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडे ऑईल ढकलणारा) नवीन आणि लागला तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) पण, १४ हजारांचं एस्टिमेट दिलंय. पैसे घालायला मी मागेपुढे बघणार नाही, पण दोनदा घालून झाले आणि गाडी आहे तिथेच आहे. चवथीला आई-बाबांना घेऊन याच गाडीने जायचंय, बाबांचा तसा हट्ट आहे. उतारावर काही झालं तर या विचाराने झोप लागत नाहीये. कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.


दिवाडीकर

भाऊ, माझं रोजचं फेरीबोटीने येणंजाणं, खारं वारं न् खारं पाणी, त्यामुळे ब्रेक धरणं मला पाठ झालंय. माझ्या गाडीत तीनदा झालं आणि तीनदा कॅलिपरच्या स्लाईड पिनच निघाल्या. त्या पिनांच्या रबराला चीर गेली की आत पाणी जातं, ग्रीस वाहून जातं, पिन गंजून बुशमध्ये बसते आणि कॅलिपर सरकायचा बंद होतो. मग आतला पॅड घासत राहतो आणि बाहेरचा नवाच्या नवा. तुमचे जुने पॅड फेकले नसतील तर आतला न् बाहेरचा शेजारी ठेवून बघा, जाडीत फरक असेल तर पिन किंवा पिस्टन.

पण एक गोष्ट मला खटकतेय. माझं नेहमी एकच चाक तापायचं आणि गाडी त्या बाजूला ओढायची. तुमची दोन्ही सारखी तापतायत म्हणता. दोन्ही कॅलिपर एकाच दिवशी अडकायचे म्हणजे कठीण वाटतं.


म्हापसा_झेन

गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही, सरळ जाते. जुने पॅड गॅरेजमध्येच राहिले, आता मिळायचे नाहीत. ब्रेक ऑईल कधी बदललं ते बाबांनाही आठवत नाही, रंग काळ्या चहासारखा आहे.


फोंड्याचे_काका

मी ३१ वर्षं वर्कशॉपमध्ये काढली, आता घरीच असतो, गुडघ्यामुळे गाडीखाली जाववत नाही, पण डोकं अजून चालतं म्हणून लिहितो. दिवाडीकरांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. दोन्ही चाकं एकाच वेळी, सारखी, आणि त्यासोबत पेडल वर येऊन कडक होतंय, हे ऐकलं की आधी चाकाकडे बघायचंच नाही. जिथून दोन्ही चाकांना ऑईल जातं तिथे बघायचं, म्हणजे पेडल, बूस्टर, मास्टर.

आत काय होतं ते समजून घ्या, मग कोणी १४ हजार सांगितले तरी तुम्हाला प्रश्न विचारता येतील. डिस्क ब्रेकला, म्हणजे तुमच्या पुढच्या चाकांना, पॅड मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी कडांचं रबर असतं, ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर थोडं पिळतं आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणतं, बस एवढंच. म्हणजे लाईनमध्ये थोडंसं जरी प्रेशर उरलं तरी पॅड डिस्कला चिकटून राहणार. मागच्या ड्रम ब्रेकला चांगल्या दणकट स्प्रिंगा असतात, उरलेल्या थोड्या प्रेशरला त्या दाद देत नाहीत, म्हणून प्रेशर चारही चाकांना जात असूनही तुमची मागची चाकं कोमट आणि पुढची लाल.

आता प्रेशर उरतं कशाला. मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑईलच्या टाकीकडे जाणारं एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. पाय पूर्ण काढला की पिस्टन पूर्ण मागे येतो, भोक उघडतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑईल त्या वाटेने टाकीत परत जातं. पिस्टन एखाद-दोन मिलिमीटर जरी पुढे राहिला तर ते भोक झाकलेलंच राहतं. मग काय होतं बघा, तुम्ही दोन-चारदा ब्रेक मारले, ऑईल तापलं, फुगलं, परत जायला वाट नाही, प्रेशर वाढलं, पॅड चिकटले, त्याने अजून तापलं, अजून फुगलं. पेडल वर येतं ते त्याचमुळे. थांबलात, ऑईल थंड झालं, आकसलं, चाकं सुटली. तुमची गोष्ट अक्षरशः अशीच आहे.

आणि म्हणूनच थंड गाडी तपासून काही सापडणार नाही. ही गाडी तापलेली असताना, ब्रेक धरलेले असतानाच तपासायची. गॅरेजवाल्यांचा हेतू वाईट नसेल, पण सकाळी थंड गाडीची चाकं फिरवून "फ्री आहे" म्हणणं म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणं.

कसं करायचं सांगतो. घराच्या जवळच फिरवा, उताराचा रस्ता नको, वाहतूक कमी असेल तेव्हा जा आणि ब्रेक धरायला लागले की लगेच हळूहळू अंगणात आणा, धूर निघेपर्यंत चालवू नका. सपाट जागेवर मागच्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावा, हँडब्रेक ओढा (तो मागच्या चाकांना आहे, पुढच्यावर परिणाम नाही), गिअर न्यूट्रल, इंजिन बंद आणि यानंतर ब्रेक पेडलला पाय लावायचा नाही. पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवा, चाक हाताने फिरवून बघा किती जड आहे.

मग वरून खाली या, खालून वर जाऊ नका. हे लक्षात ठेवा, कारण एकदा चाकाजवळचा निपल (ऑईल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडून प्रेशर सोडलं की वरचं काही कळत नाही, परत सगळं तापवून आणावं लागतं. पहिलं, बूस्टरला मास्टर धरून ठेवणारे दोन नट दोन-तीन मिलिमीटर ढिले करा, पूर्ण काढू नका, मास्टर तेवढा पुढे ओढा आणि चाकं फिरवा. सुटली तर मास्टर निर्दोष, मागून कोणीतरी त्याला ढकलून ठेवतंय, म्हणजे पेडल पूर्ण वर येत नाही, नाहीतर बूस्टरचा रॉड लांब बसवलाय, नाहीतर बूस्टरच आतून अडकतोय. नाही सुटली तर मास्टरमधून निघणाऱ्या पाईपचा नट खाली फडकं धरून किंचित सैल करा, ऑईल उडालं आणि चाक सुटलं तर दोष मास्टरच्या आत. तिथेही नाही सुटलं तर चाकाजवळ लोखंडी पाईप जिथे रबरी होजला जोडतो तो जोड. तिथेही नाही आणि कॅलिपरचा निपल उघडल्यावरच सुटलं तर होज आतून बसलाय. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर मात्र पिस्टन किंवा पिन, म्हणजे यांत्रिक. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुतेक डावं पुढचं आणि उजवं मागचं एका लाईनवर असतं न् उलट, त्यामुळे एक निपल उघडून दोन्ही चाकं सुटतील अशी अपेक्षा ठेवू नका, प्रत्येक बाजू वेगळी.

ऑईल कडक गरम असतं, हातमोजे आणि चष्मा पाहिजेच. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग खाऊन टाकतं.


आयटीआय_पेडणे

काकांनी एवढं नीट सांगितलंय की मी क्लासमध्ये मुलांना वाचून दाखवणार आहे. (मी मोटर मेकॅनिक ट्रेडला शिकवते.) दोन-तीन गोष्टी जोडते.

आधी टाकीचं झाकण उघडून आतलं रबर बघा, त्याला काही मिनिटंच लागतात. ते फुगून वाकडंतिकडं झालं असेल, परत जागेवर बसत नसेल, तर कोणीतरी ब्रेक ऑईलच्या जागी इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल टाकलंय. पेट्रोलियमचं ऑईल या रबरांना चालत नाही, सगळी फुगतात, मास्टरचं ते बारीक भोक आतल्या फुगलेल्या रबरानेच झाकलं जातं, मग वर लिहिलेली सगळी लक्षणं दिसतात. तसं असेल तर एक-दोन पार्ट बदलून भागत नाही, मास्टर, होज, कॅलिपर, मागचे सिलिंडर, ऑईल लागलेलं सगळं रबर काढावं लागतं. तुमच्या बाबतीत तसं नसू दे, पण बघून घ्या. याच कारणाने पिनांना साधं काळं ग्रीस लावू नका, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं तेच, आणि कॅलिपर पेट्रोल-डिझेलने धुवू नका.

रबरी होजबद्दल, बाहेरून अगदी चांगला दिसतो आणि आतून त्याचा पापुद्रा सुटलेला असतो. तुम्ही पायाने जोर लावता तेव्हा ऑईल त्यातून पुढे जातं पण परत यायला जोर नसतो, त्यामुळे तो एकदिशा व्हॉल्व्हसारखा वागतो. चोवीस-पंचवीस वर्षांचे मूळ होज असतील तर चाचणीत निघोत न निघोत, बदलाच.

आणि हात जोडून एक सांगते. आपल्याकडे अंगणात चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) पडलेले असतात आणि सगळे जॅकने गाडी उचलून खाली चिरा सारतात. चिरा वरून दगड दिसतो पण आतून भुसभुशीत असतो, पावसाळ्यात पाणी प्यालेला असतो, एका बिंदूवर गाडीचं वजन आलं की कधी फुटेल सांगता येत नाही. लोखंडी स्टँड घ्या, नसेल तर कोणाकडून मागून आणा. चिऱ्यावर ठेवलेल्या गाडीखाली डोकं घालू नका.


चोर्ले_रोज

माझ्या जुन्या गाडीचं सांगतो म्हणजे हे हलक्यात घेऊ नका. चोर्ला घाट उतरत होतो, केरीच्या अलीकडे, ब्रेक धरत होते पण मी म्हटलं घरी जाऊन बघू. शेवटच्या वळणांना पेडल एकदम जमिनीला टेकलं. काहीच नाही. ऑईल उकळून वाफ झाली होती हे नंतर कळलं. दुसऱ्या गिअरला गाडी ओढून धरली, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेच्या चढाच्या बाजूला घातली. बायको न् मुलगी गाडीत होत्या. आजपण त्या वळणावर आलो की हात घट्ट होतात. ब्रेक धरतायत म्हणजे "गाडी थोडी जड जाते" एवढंच नाही हो, पुढची पायरी ब्रेक नसणं ही आहे. दुरुस्त होईपर्यंत वाळपईला जाऊ नका.


फोंड्याचे_काका

अगदी खरं. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी पितं, आणि आपल्या गोव्यात हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३ (हा ब्रेक ऑईलचा दर्जा) नवीन असताना निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी पिऊन झालं की तेच १४० वर येतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. काळ्या चहासारखं ऑईल म्हणजे तुम्ही खालच्या आकड्यावर गाडी चालवताय. दोष कुठेही निघो, ऑईल पूर्ण बदला, आणि डॉट ५ असं लिहिलेलं सिलिकॉनचं चुकून टाकू नका, ते यात मिसळत नाही.

आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. वाकडी होते.


म्हापसा_झेन

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, चोर्लेवाल्या दादांचं वाचून तर अंगावर काटा आला.

आज सकाळी केलं. मित्राकडून स्टँड आणले, चिरे बाजूला सारले. टाकीच्या झाकणाचं रबर ठीक आहे, फुगलेलं नाही, सपाट बसतं, मोठं ओझं उतरलं. घराभोवती सपाट रस्त्यावर नऊ किलोमीटर फिरवली, ब्रेक धरले, लगेच आणली. दोन्ही चाकं हाताने हलेनात. मास्टरचे दोन नट ढिले केले, साधारण तीन मिमी, आणि मास्टर पुढे ओढला. डावं चाक टक्क सुटलं! उजवं पण सुटलं पण डाव्याइतकं नाही, सर्रसर्र घासत फिरतं.

म्हणजे मास्टर चांगला ना? आता बूस्टर बदलायचा का?


फोंड्याचे_काका

शाब्बास. मास्टरला हात लावायचा नाही. बूस्टरचाही पैसा अजून काढू नका. मला सांगा, या वर्षभरात पेडलच्या आसपास कोणी काही काम केलंय? बूस्टर कधी काढला होता? पेडलचं रबर, वायरिंग, क्लच केबल, ब्रेक लाईट, काहीही. जे चांगलं चालत होतं ते अचानक बिघडलं तर शेवटचा हात कोणाचा लागला ते आधी विचारायचं.


म्हापसा_झेन

बूस्टर कधीच काढला नाही. क्लच केबल तीन वर्षांपूर्वी. हो, एक आठवलं, मे महिन्यात ब्रेक लाईट सतत पेटलेली राहायची, रात्रभरात बॅटरी उतरायची. इलेक्ट्रिशियनकडे नेली, त्याने पाच मिनिटांत करून दिलं, पैसे पण घेतले नाहीत. पण त्याचा याच्याशी काय संबंध, ते तर लाईटचं काम?

आणि हो, आता लिहिताना लक्षात आलं, तेव्हापासून लाईट उशिरा लागते. रात्री पोर्चमध्ये रिव्हर्स घेताना मागच्या भिंतीवर लाल उजेड पडायचा, आता बरंच दाबल्यावर पडतो.


फोंड्याचे_काका

सापडलं. उद्या सकाळी ड्रायव्हरच्या पाय ठेवायच्या जागेत उताणे होऊन पेडलच्या वर बघा. ब्रेक लाईटचा स्विच तिथे असतो, आटे असलेला, लॉकनटने बसवलेला. पेडल वर आलं की स्विचची दांडी दाबली जाते आणि लाईट विझते. पेडलच्या पट्टीला एक छोटं रबरी किंवा प्लास्टिकचं बटण असतं, दांडी त्याच्यावर टेकते. वीस वर्षांनी ते बटण पिठासारखं फुटून पडतं, दांडी रिकाम्या भोकातून आरपार जाते आणि लाईट सतत पेटते. बरोबर उपाय म्हणजे नवीन बटण. घाईचा उपाय म्हणजे स्विच इतका आत फिरवायचा की त्याचं आट्याचं नळकांडंच पट्टीला जाऊन भिडतं आणि कशीबशी दांडी दाबली जाते. लाईट विझते, गिऱ्हाईक खूश, पण पेडल आता पूर्ण वर येऊ शकत नाही. त्या तीन-चार मिलिमीटरने मास्टरचं भोक झाकलं गेलं. जूनपासून तुम्ही बाजार ते घर एवढंच फिरलात, ऑईल तापायला वेळच मिळाला नाही म्हणून लांबच्या फेरीला उघडं पडलं.

पायाजवळच्या कार्पेटवर फुटलेल्या प्लास्टिकचे तुकडे अजून सापडतील बघा.

दुरुस्ती अशी. नवीन बटण बसवा. लॉकनट सैल करा, स्विच बाहेर घ्या, पेडल हाताने स्वतःकडे पूर्ण वर ओढून धरा आणि मग स्विच इतकाच आत आणा की आट्याच्या टोकात आणि पट्टीत अर्धा ते एक मिमी फट राहील. लॉकनट आवळा. मग इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधली व्हॅक्यूम संपेल, आणि नुसत्या बोटाने पेडल दाबून बघा. कडक लागायच्या आधी काही मिलिमीटर सैल चाललं पाहिजे. ते सैल चालणं म्हणजेच प्ले, तो नसेल तर ब्रेक धरणारच. मास्टरचे दोन नट परत आवळायला विसरू नका, तेच विसरणारे लोक मी पाहिलेत.


आयटीआय_पेडणे

काका 🙏 हे मी वर्गात फळ्यावर चित्र काढून दाखवणार.

झेनवाले, उजवं चाक घासतंय ते सोडू नका. मास्टर सैल करूनही जड राहिलं म्हणजे त्या बाजूला दुसरा दोष आहे. एक सापडला की दुसरा सुटून जातो, तसं नको व्हायला.


म्हापसा_झेन

तीन दिवसांनी लिहितोय, कामात होतो.

काकांनी सांगितलं तसंच्या तसं निघालं. कार्पेटखाली पिवळट प्लास्टिकचे चार तुकडे, मी ते कागदात बांधून ठेवलेत. स्विचचं नळकांडं पट्टीला रुतून पट्टीवर गोल खूण पडली होती. बटण स्पेअर पार्टच्या दुकानात मिळालं, चहा-पावाच्या किमतीत. बाबा स्वतः बाहेर आले, पेडल वर ओढून धरायला मला तिसरा हात पाहिजे होता तो त्यांनी दिला. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून फट घेतली. पेडल पहिल्यापेक्षा वर आलं, साधारण चार मिमी, आणि बोटाने दाबलं तर मऊ प्ले आला. मास्टरचे नट आवळले, दोनदा तपासले.

मग त्याच नऊ किलोमीटरच्या फेरीला गेलो. पेडल जिथल्या तिथे, कडक नाही. मित्राची तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी लेझरवाली गन आणली होती, डावी डिस्क ६८, उजवी १३१. म्हणजे मॅडम म्हणाल्या तेच.

उजवा कॅलिपर उघडला. खालची पिन हलेचना, पाण्याने लाल झालेली, रबराला चीर. नवीन टाकलेले पॅड असूनही दोन आठवड्यांत आतला बाहेरच्यापेक्षा बारीक झालेला दिसतो. गंमत बघा, गॅरेजमध्ये किट टाकलं ते डाव्या कॅलिपरला, जो मुळात चांगला होता. माझ्या मनात राग नाही, पण जॅकवर चाक फिरवलं त्याच दिवशी पिना बोटाने सरकवून बघितल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं.


दिवाडीकर

बघा! पिन आलीच शेवटी. 😊

पिन तिरकी ठोकू नका, आत बुश फाटतं. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग पान्याने डावी-उजवीकडे फिरवत फिरवत काढा, सरळ ओढू नका. बाहेर आल्यावर खड्डे पडले असतील तर घासून वापरू नका, नवीन पिन न् नवीन रबर घ्या, किट स्वस्त मिळतं. भोक आतून स्वच्छ पुसा, सिलिकॉन ग्रीस थोडंच लावा, जास्त भरलं तर आत हवा अडकून पिन परत बाहेर येते. मी आता दर पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आसपास, चारही पिना काढून पुसून लावतो, गाडी धुवावी तसं.


फोंड्याचे_काका

उजवा पिस्टन पण दाबून बघा. निपल उघडा, नळी लावून बाटलीत सोडा आणि मग पिस्टन क्लॅम्पने हळूहळू आत ढकला, निपल बंद ठेवून ढकलाल तर सगळी घाण वर मास्टरमध्ये जाते. हाताच्या जोराच्या क्लॅम्पने सरकला तर ठीक, अडत अडत गेला तर डस्ट कव्हर उचलून गंज बघा. एवढं तापलंय म्हणजे पॅड काचेसारखे चकचकीत झाले असतील, तसे असतील तर ते वापरू नका. डिस्कवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसतात का बघा. आणि चाक वर-खाली धरून हलवा, तापलेल्या हबमधलं ग्रीस वितळून जातं आणि मग बेअरिंग महिनाभराने ओरडायला लागतं.


म्हापसा_झेन

झालं सगळं. पिस्टन क्लॅम्पने सहज गेला, नवीन पिन, रबरं, दोन्ही बाजूंचे होज, पॅड परत नवीन, कारण उजवे काळे चकचकीत झाले होते. डिस्कवर निळे डाग आहेत पण चिरा नाहीत, जाडी मोजली, चालेल म्हणाले. बेअरिंग घट्ट. डॉट ४ घातलं, जुनं ऑईल चारही निपलमधून निघालं तेव्हा तळाला गाळ होता. मागचा डावा निपल गंजून तुटला, त्याचा सिलिंडर बदलावा लागला, तेवढा जास्तीचा खर्च. सगळं मिळून एस्टिमेटच्या चौथ्या हिश्श्यात आलं.

आज आई-बाबांना घेऊन वाळपईला पोचलो. अस्नोड्याला, डिचोलीला आणि होंड्याला तीनदा थांबून गनने मोजलं, आई म्हणाली चवथीला निघालास की गाडीचा ताप बघायला. शेवटचं रीडिंग डावी ७४, उजवी ७९. साखळीनंतर बाबांनी स्टिअरिंग मागितलं. चार किलोमीटर चालवली त्यांनी, हळू, पण ब्रेक मारताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

काका, फोंड्याला आलो की तुमच्याकडे येऊन जाणार, पत्ता मेसेज करा. नेवऱ्या घेऊन येतो.


फोंड्याचे_काका

जरूर या, पण येताना फर्मागुडीचा उतार दुसऱ्या गिअरला उतरा, आणि पाचशे किलोमीटर झाले की पॅडच्या दोन्ही बाजू परत एकदा मोजून मला सांगा. उजव्याचा आतला पॅड मला अजून बघायचाय.